खरपुडी, बहुधा

कपाटातल्या कागदावर वेल आहे, फूल नाही.
चिकटपट्टी पिवळी पडलेली, पानं चहाच्या रंगाची,
कोपऱ्यात उदगीरकर सरांचं तिरपं अक्षर:
‘येल्डा रस्ता, माळ. कंद आहे. फुलं मिळाली नाहीत.
नाव –’
आणि त्या रेघेपुढे एकतीस वर्षं
काहीच नाही.

मी अंबाजोगाईच्या कॉलेजात परिचर.
चंचुपात्रं धुणारा, लेन्स पुसून डबीत ठेवणारा.
सर निवृत्त झाले तेव्हा कपाटाची चावी माझ्याकडे राहिली.
रेघही राहिली.

यंदा भाद्रपदात, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी
अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

माळावर कुसळी गवत पोटरीइतकं.
तरवडाच्या बुडातून एक वेल वर निघालेली,
सुतळीएवढी.
डावीकडून चढते की उजवीकडून,
बोट फिरवून दोनदा पाहिलं,
दोनदा वेगळं आलं.
पानं समोरासमोर. हे नक्की.
मांसल, घोळीसारखी, पाणी धरून बसलेली.
पण खालची रुपयाएवढी गोल
आणि वरची थेट कण्हेरीच्या वळणाची.
पुस्तकात विचारलंय, पान गोल की लांबट?
विचारणाऱ्यानं बहुतेक
एकच पान पाहिलं असावं.

देठ मोडला. रुईच्या गोतातली,
म्हणून दुधाची वाट पाहिली.
आलं नुसतं पाणी.
तेही वहीत लिहिलं.

‘काय हरवलं का काका?’
बिभीषण. शेळ्या बारा, इयत्ता नववी, अधूनमधून.
‘फूल हुडकायलोय.’
‘खरपुडीचं? ते तुमच्या कोपराजवळच हाय की.’

होतं.
बोटाच्या पेराएवढं,
मी ज्याला वाळकं पान समजून बाजूला सारलं होतं ते.
बुडाशी अत्तराच्या कुपीसारखं फुगीर,
वर हिरवट पांढरी नळी,
आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या, जांभळ्या,
उमललेल्या, तरी शेंड्याला एकमेकींना धरून,
आपण पाची बोटं जुळवून घास उचलतो तशा.
लेन्स लावली.
नळीत केस, सगळे खाली तोंड करून.
त्यांच्याही खाली, कुपीत,
काहीतरी हललं.
एक चिलट.
आत जाता येतं, केस वाळेपर्यंत बाहेर येता येत नाही.
हे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं,
मी डस्टर घेऊन दाराशी उभा होतो.

‘कंद बघायचाय?’
मी हो म्हणायच्या आत त्यानं काठीचं टोक घातलं.
मुरमाखाली वीतभर.
बसका, चपटा, छोट्या कांद्याएवढा,
साल तपकिरी, आत दुधी.
सदऱ्याला पुसून त्यानं खालचा अर्धा भाग दातानं तोडला
आणि त्यातला तुकडा मला दिला.
‘आधी गोड लागतं. मग घशाला धरतं.’
तसंच झालं.
वरचा अर्धा, वेलीसकट,
त्यानं परत खड्ड्यात ठेवला, माती लोटली, टाच दाबली.
‘डोळा ठिवायचा असतो. पुढल्या साली हितंच.’
‘किती वर्षांची असेल ही?’
‘माझ्या आधीची,’ तो म्हणाला,
आणि एका शेळीला शिवी देत पळाला.

सरांनी ‘माळ’ एवढंच लिहून ठेवलंय.
कुठला तरवड, कुठला मुरूम, काही नाही.
त्यांनीही वरचा अर्धा परत पुरला असेल का,
विचारायला आता फोन लागत नाही.

संध्याकाळी कपाट उघडलं.
रेघेपुढे पेन्सिलीनं लिहिलं, खोडता यावं असं:
खरपुडी, बहुधा.
चवीसाठी रकाना नव्हता,
समासात लिहिली.

फूल चिकटवलेलं नाही.
त्यात चिलट होतं.